आगाऊ मोटर

यंत्रं माणसांसारखीच एकमेकांवर दोष ढकलायला शिकली, त्या काळची गोष्ट. एका कारखान्यात संगणकाच्या हुकुमावर चालणाऱ्या सीएनसी मशीनची, कापायचं हत्यार फिरवणारी स्पिंडल मोटर हुकूम नसतानाच फिरायला लागली. ऑपरेटर वामन झांबऱ्यांचा अंगठा थोडक्यात वाचला.

"मी हुकूम दिलेलाच नाही," मशीनला हुकूम सोडणारा कंट्रोलर म्हणाला. "मोटर आगाऊ आहे."

"पण मला तो ऐकू आला," मोटर म्हणाली. तिला काढून टाकलं. नवी आणली, तीही तशीच फिरली. मग तीसुद्धा आगाऊ ठरली.

पॅनेलच्या तळाशी अर्थिंगची तार लोंबत होती. ती म्हणाली, "खंडेनवमीला हार बांधताना माझा स्क्रू सोडलात, तो पुन्हा आवळलाच नाही. मी सुटी असले की मोटरला भलतेच हुकूम ऐकू येतात."

"तू दिवसभर करतेस काय?" कंट्रोलरने विचारलं. "नुसती बसून तर असतेस."

शेवटी अंगठ्याच्या काळजीने झांबऱ्यांनीच वाकून तो स्क्रू आवळला. मोटर गप्प झाली.

कंट्रोलरने लगेच सभा घेतली, स्वतःचं अभिनंदन करवून घेतलं आणि तारेचा सत्कार जाहीर केला. पुढच्या खंडेनवमीला तिच्यासाठी खास मोठा हार आला. तो बांधायला जागा हवी, म्हणून सगळ्यांनी मिळून तिचा स्क्रू सोडला.