खुर्चीचं कुलूप

“...पण आऊ, उद्या कुणीही उठून पाना लावला आणि खुर्चीतलं माणूस पडलं, तर नाव कुणाचं खराब होणार? आमचंच ना?”

श्रीरंग विचारत होता. चालता न येणाऱ्यांसाठी बॅटरीवरच्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत तो बडा इंजिनिअर. पूर्णेकाठच्या मठात तो आमच्या गुरू आऊंकडून नाम घ्यायला आला होता. आऊंनी त्याला आधी शेवंतीजवळ बसवलं.

शेवंती मठाशेजारची, दोन्ही पायांनी अधू. भावाने तिला उचलून ओट्यावर आणून ठेवलेलं. तिची खुर्ची अंगणात ठप्प उभी.

जुनी बॅटरी गेली म्हणून भावाने बाजारातून नवी आणून बसवली. बॅटरी चांगली, वायरी चांगल्या. पण कंपनीच्या माणसाने लॅपटॉप लावून परवानगी दिल्याशिवाय खुर्ची हलायचीच नाही, अशी आतून सोय केलेली. आणि ती सोय श्रीरंगनेच बनवलेली. त्याचा काय तोरा त्याला!

“माणूस कधी येणार तुमचा?” आऊंनी विचारलं.

“नंबर लागला की.”

शेवंती खाली मान घालून म्हणाली, “दादा, दिवाळीपासून नंबरच लागतोय. तोवर मोरीत जायचं म्हटलं तरी भाऊ उचलून नेतो. लाज वाटते हो मला. पाणी पिणंच कमी केलंय मी.”

 

श्रीरंग चुळबुळला. आऊंकडे वळला. “ते बघतो मी ऑफिसात. आपण मला नाम द्या.”

“देते की. पण एक अट. नाम घेताना मन भरकटलं, तर तू आवरायचं नाहीस. उठून इथे यायचं. मी आवरून देईन.”

“दर वेळी?”

“दर वेळी. तुझ्या हातून काही बिघडलं, तर नाव माझं खराब व्हायचं.”

“असं कसं, आऊ? मन माझं आहे!”

आऊ हसल्या नाहीत. नुसत्या शेवंतीकडे बघत राहिल्या...

श्रीरंगचा चेहरा खर्रकन उतरला.

माणूस वाईट नव्हता हो. उठला, बॅगेतून लॅपटॉप काढला, खुर्चीच्या पाठीमागे वायर जोडली, पासवर्ड टाकला. लाल दिवा हिरवा झाला. भावाने शेवंतीला खुर्चीत बसवलं.

तिने दांडी पुढे ढकलली. अंगणभर फेरी मारली. मग उलटी फेरी. मग कुणालाही न विचारता फाटकाबाहेर गेली आणि एकटीच परत आली. रडत होती, हसत होती. आम्हीही डोळे पुसले, त्यात काय लपवायचं?

श्रीरंगने लॅपटॉप मिटला. “झालं, आऊ. उघडली.”

“परत बंद पडली तर?”

“बिनधास्त मला फोन करा. कधीही करा. मी स्वतः येईन, शब्द देतो.”

“आणि तू नसलास तर?”

श्रीरंगने हातातल्या लॅपटॉपकडे पाहिलं.

आऊंनी मायेने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“मग अजून बंदच आहे ती, बाळा.”