चांगुणेचा खडक

ती खाडीच्या तोंडाशी काळी पाठ दिसते ना, तो चांगुणेचा खडक. ओहोटीला त्यावर दहा माणसं बसतील, भरतीला मात्र तो पार बुडतो. आणि किनाऱ्यावर या ज्या होड्या ओढून ठेवल्यात, त्यांना हात लावून वास घ्या. उंडीच्या बियांचं तेल आहे. आजूबाजूच्या गावांत मोरीच्या काळजाचं, म्हणजे यकृताचं, तेल चोपडत. मोरी म्हणजे तो दातांचा मोठा मासा. आमच्याकडे ते तेल चालत नाही. त्याचं कारण जुनं आहे.

पोशा नावाचा कोळी इथे राहत असे, असं सांगतात. एकदा त्याच्या जाळ्यात पोटुशी मोरी आली. ती त्याने वाळूवर आणून चिरली, तेव्हा पोटातून जिवंत पिलं वळवळत बाहेर आली. त्याची बायको चांगुणा तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. ती म्हणाली, "निदान पिलं तरी पाण्यात सोडा."

"मोरीला कसली गो माया?" पोशा हसला. पिलं वाळूतच मेली. काळीज भलं मोठं निघालं. त्याचं तेल काढून त्याने होडीला आतून-बाहेरून चोपडलं.

चांगुणा म्हणाली, "बायकोच्या केसांना थेंब नाही नि होडीला बुधलाभर!"

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्याने तिला कालवं काढायला या खडकावर सोडलं आणि तो बाहेर जाळं टाकायला गेला. भरती लागली तसा तो तिला न्यायला परत फिरला. तेव्हा होडीमागे पाण्यावर एक काळा पंख दिसला म्हणे. मग तीन. मग त्याने मोजायचं सोडलं.

खडकापासून दोन वल्ह्यांवर होडी आली आणि खालून फळीला धडक बसली. पाणी चांगुणेच्या घोट्यांवर चढलं होतं. पोशाने वल्हं पुढे केलं, "धर!" तिने हात लांबवला, तेवढ्यात एक मोरी दोघांच्या मधून उसळली आणि वल्ह्याचं पातं तोडून गेली. होडी डावीकडे घेतली की त्या डावीकडे येत, उजवीकडे घेतली की उजवीकडे. पाणी गुडघ्यांना लागलं. खडकावरून चांगुणेला ते आधी दिसलं.

"माझ्यासाठी नाही आल्या त्या," ती ओरडली. "होडीच्या वासावर आल्यात. होडी लांब न्या!"

"आणि तू?"

"मी पोहते. न्या म्हणते ना!"

पाणी तिच्या पोटाला टेकलं. मग त्याने होडीचं तोंड समुद्राकडे वळवलं. जाता जाता त्याने हाक दिली, "पोराला सांग, पोटुशीला हात लावायचा नाही. आणि हे तेल नको!"

तो मोडक्या वल्ह्याने होडी हाणत गेला आणि सगळे पंख त्याच्यामागे गेले. चांगुणेने टोपली सोडून पाण्यात अंग टाकलं. किनाऱ्याला लागल्यावर तिने मागे पाहिलं, तेव्हा होडी तिळाएवढी दिसत होती. नंतर तीही दिसेना. तिसऱ्या दिवशी ते मोडकं वल्हं तेवढं वाळूवर आलं, म्हणतात.

तिला मुलगा झाला. ते वल्हं तिने दारात रोवलं आणि त्याच्याशेजारी वाडीतलं उंडीचं पहिलं झाड लावलं.

तेव्हापासून मोरी आम्हाला चावली नाही, असं मी सांगणार नाही. माझ्या पुतण्याची टाच नेली एकीने. पण आता त्याच कमी झाल्यात. लांबच्या मोठ्या बोटी सगळं ओढून नेतात. पोटुशी मोरी मी गेल्या दहा वर्षांत दोनदाच पाहिली. दुसरी त्या पुतण्याच्या जाळ्यात होती. त्याने जाळं कापलं, नवं होतं तरी.

आजही पोटुशी मोरी आली की आम्ही जाळं सैल करतो आणि म्हणतो, "जा गो बाय, सांभाळून जा." मग ती दिसेनाशी होईपर्यंत होडीतला कोणी वल्हं पाण्यात घालत नाही.