झाल्या बधबाश्या!

एका जंगलात एक अस्वल राहत असे. मध दिसला की त्याला धीर म्हणून निघत नसे. एकदा त्याने घाईघाईत पोळ्यात थेट नाकच खुपसले. मग काय व्हायचे ते झाले! मधमाश्यांनी त्या नाकाचा पार भोपळा केला. अस्वल ओरडत सुटले, "पळा, पळा! बधबाश्या आल्या, बधबाश्या!" मुलांनो, नाक चोंदले की 'म'चा 'ब' होतो, त्याला बिचारे अस्वल तरी काय करणार? पण सारे जंगल पोट धरधरून हसले.

पोपटाला तर आयतेच खाद्य मिळाले. कोल्हा ओढ्यात घसरला, पोपट म्हणाला, "झाल्या बधबाश्या!" माकडाची उडी चुकली, पुन्हा तेच, "झाल्या बधबाश्या!" बघता बघता कोणाचीही फजिती झाली की जो तो हेच म्हणू लागला. अस्वलाला मात्र दर वेळी वाटे, आपल्यालाच हसताहेत. त्याला तोंड दाखवायची चोरी झाली. शेवटी "हे जंगलच नको," म्हणत ते डोंगर ओलांडून निघून गेले.

पलीकडच्या जंगलात ते पाऊल टाकते न टाकते, तोच साळिंदराचे एक पिल्लू उतारावरून गडगडत आले आणि चिखलात उताणे पडले. आता ते भोकाड पसरणार, एवढ्यात त्याची आई म्हणाली, "झाल्या का बधबाश्या?" पिल्लू खुदकन हसले आणि अंग झटकत उठले.

अस्वल चाटच पडले. "हे कुठं शिकलात?"

"पोपटांनी आणलं की हो पलीकडून! पूर्वी कुणी पडलं की नुसती रडारड. आता पडणारा स्वतःच हसतो. पण अस्वलभाऊ, बधबाश्या म्हणजे काय, ते मात्र कुणालाच ठाऊक नाही."

अस्वल घुटमळले. सांगावे तर फजिती इथेही उघडी पडणार. पण पिल्लू टकमक बघत होते. मग अस्वलाने नाक चिमटीत धरले आणि म्हटले, "बधबाश्या! बाझ्या दाकाला चावल्या!"

पिल्लानेही नाक धरून पाहिले. "आई, बी पण बधबाशी!" तिघे हसत सुटले आणि सगळ्यांत मोठ्याने हसले ते अस्वल. तसेच हसत ते घरी परतले. ओढ्यापाशी त्याचा पाय घसरला. पोपटाने चोच उघडली, पण त्याच्या आधी अस्वलच ओरडले, "झाल्या बधबाश्या!"

तात्पर्य : आपल्या फजितीला आपण आधी हसावे, मग ती आपल्याला बोचत नाही आणि दुसऱ्याचे रडूही थांबवते.