साळिंदराचा वायदा

त्या दिवशी थंडी अशी होती की गवतावरचं दव दुपारपर्यंत तसंच राहिलं. गोष्ट फार मागची. ओढ्याकाठच्या एका उंदराकडे जोंधळ्याची पाचच कणसं उरली होती, आणि बिळात चार पिल्लं.

पलीकडचा साळिंदर म्हणाला, "पाचही दे आणि टोपलीभर शेंगा ने. खाऊन झाल्या की टरफलं बगळ्याबरोबर पाठव. दोन कणसं परत देईन." त्या दोन कणसांवर थंडी निघेल, असा हिशेब करून उंदराने पाचही दिली.

शेंगा संपल्या. निम्मी टरफलं त्याने पिल्लांच्या अंगाखाली अंथरली होती, उरलेली पाठवली. बगळा रिकाम्या चोचीने परतला.

"सगळी हवीत म्हणतो."

उंदराने पिल्लांना हळूच उचललं, खालची टरफलं काढली आणि तीही पाठवली. पिल्लं गार मातीवर निजली.

तिसऱ्या दिवशी बगळा आला, पुन्हा रिकामाच. "टरफलांवर दातांच्या खुणा आहेत. अशी चालत नाहीत म्हणाला."

"अरे बाबा, दात न लावता उंदराने शेंग फोडायची कशी?"

"ते मला काय विचारतोस? मी फक्त नेतो-आणतो."

"मग माझी टरफलं तरी आण."

"ती देत नाहीत," म्हणून बगळा उडाला.

सकाळी धाकटं पिल्लू हललं नाही. उंदीर त्याला पुरत होता, तेव्हा शेजारची चिचुंद्री जवळ येऊन बसली. ती पलीकडे जाऊन आली होती.

"उंदीरभाऊ," ती म्हणाली, "साळिंदर तुमच्याच टरफलांवर झोपलाय. कुरतडलेली असली की मऊ लागतात म्हणे."