अंगठ्यापर्यंतचा चंदेरी धागा

हिरव्यागार बांबूच्या बेटाशेजारी, इटुकल्या झोपडीत शेवंता आणि तिचे आबा राहायचे. आबा सुपं विणायचे. बांबूची कामटी किती पातळ निघाली हे ते बघायचेच नाहीत, अंगठ्यालाच कळायचं! पण एकदा कोयता निसटला आणि मनगटात खोल शिरला. वैद्यबुवांनी शिवलेली जखम भरली, अंगठा मात्र बधिर झाला. कामट्या जाडजूड, सुपं वेडीवाकडी. ती घेणार कोण? चूल कधी पेटायची, कधी नाही.

एका सोनेरी सकाळी शेवंताला बेटात काहीतरी चमचमताना दिसलं. इवलीशी परी! तिचा पोपटी पंख बांबूच्या फटीत अडकला होता. शेवंताने ओढाताण केली नाही. बुरडाची लेक ती! फटीत हळूच पाचर सरकवून तिने पंख अलगद सोडवला.

“माग काय हवं ते,” परी म्हणाली.

“आमच्या आबांचा अंगठा बरा कर ना गं.”

“त्यांच्या मनगटात एक चंदेरी धागा तुटलाय. त्याची जुनी नळी अजून आहे. आता त्या नळीतून तो रोज इवलुसा वाढेल. तू रोज आबांना डोळे मिटून वस्तू ओळखायला लाव. मग हाताला मुंग्या येतील. त्या थांबव, असं मात्र मागायचं नाही. मुंग्या थांबल्या तर धागाही थांबेल.”

शेवंता रोज अंगठ्याखाली कधी मऊ कापूस, कधी खरखरीत साल, कधी गारगार गोटा धरायची. आबा दरवेळी चुकायचे, आणि चुकले की उगाच खोकायचे.

थंडी सरता सरता एके दिवशी आबा कळवळले. “शेवे, हाताला नुसत्या मुंग्या चावतायत गं! थांबव हे!”

परी समोरच्या पानावर येऊन बसली होती. एका शब्दाचं काम! पण शेवंताने ओठ घट्ट मिटले आणि आबांचा हात मांडीवर घेतला. “सोसा थोडं, आबा. बरं होतंय ते.”

मुंग्या तळव्यात उतरल्या, मग अंगठ्यात. सुपं तशीच वेडीवाकडी. आपण आबांना उगाच तर सोसायला लावलं नाही ना? शेवंताला फार वाईट वाटलं. एका सकाळी आबांनी डोळे मिटले, तेव्हा तिने काहीच आणलं नव्हतं. तिने आपला गालच अंगठ्याखाली ठेवला.

“कापूस,” आबा म्हणाले. मग थबकले. “छे, कोमट आहे. आणि ओलं. शेवे, रडतेस होय गं?”

बेटभर हिरवं-सोनेरी तेज पसरलं आणि परी त्यात विरून गेली. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. आबा त्याच अंगठ्याने लेकीचे डोळे पुसत होते.