कालवआई आणि सहलीची होडी

होड्यांनाही बोलता येई त्या काळी एका खाडीत कालवआई पिल्लांसह खडकाला चिकटून राही. भरती आली की शिंपला उघडायचा, पाणी गाळायचं आणि पोट भरायचं.

एकदा सहलीची नटवी होडी तिथं थांबली. तिनं संडासाची टाकी पाण्यात रिकामी केली.

“अगं बाई, इथं माझी लेकरं आहेत!” कालवआई किंचाळली.

“घाबरतेस काय? एवढा मोठा समुद्र! माझ्या एकटीनं काय होतंय?”

कालवआईनं शिंपला घट्ट मिटला. पिल्लं भुकेनं कळवळली.

तेवढ्यात होडीतल्या मुलीनं विचारलं, “इथं पोहू?”

“इथं नको गं बाळे!” होडी दचकून म्हणाली. “पुढं स्वच्छ पाण्यात जाऊ.” आणि ती निघून गेली.

“आई, आपणही पुढं जाऊ या ना?” पिल्लू म्हणालं.

कालवांना खडक सोडता येत नाही, हे कालवआईला सांगवेना.