चाखणाऱ्याची सर्दी

उदाजीराव सरकार इतके संशयी, की आरशात पाहतानाही आधी मागे कोण उभं आहे ते बघायचे. ताटात कुणी विष कालवेल या धास्तीने त्यांनी तुळोजीला पदरी ठेवलं होतं. कितीही बेमालूम मिसळलेलं विष तो वासावरून आणि चवीवरून ओळखायचा. दुसऱ्या कुणाच्या जिभेवर सरकारांचा भरवसा नव्हता.

एकदा तुळोजीला सणसणीत सर्दी झाली. अंगात कणकण, नाक चोंदलेलं, तोंडात मीठ आहे की साखर तेही कळेना. त्याने चार दिवसांची रजा मागितली.

सरकारांनी डोळे बारीक केले. "रजा हवी असली की सगळ्यांनाच सर्दी होते. सोंग पुरे झालं. चाख."

तुळोजीने निमूटपणे बासुंदी चाखली, उपरण्याने नाक पुसलं आणि वाटी पुढे सरकवली. "खुशाल घ्यावी, सरकार."

सरकारांनी चमचा ओठांशी नेला आणि तिथेच थांबले. "तुला वास नक्की आला ना?"

"सरकार म्हणतात हे सोंग आहे, म्हणजे आला असणार. मी म्हणतो मी आजारी आहे, म्हणजे आला नसणार. आता कुणाचं खरं धरायचं, ते सरकारांनी घास घेण्याआधी ठरवावं."

बासुंदीवर साय धरेपर्यंत सरकार चमच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो खाली ठेवला.

"जा घरी. आणि लवकर बरा हो."

ते चार दिवस सरकारांनी केळ्यांवर काढले, आणि तीही स्वतःच्या हाताने सोलून.